मोकाट सशांचं ३१ दिवसांचं घड्याळ

"दोन्ही मादीच आहेत, निश्चिंत राहा," असं दुकानदारानं सांगितलं होतं. समोरच्या घरातल्या मुलांसाठी आणलेली ती जोडी एका रात्री फाटकाखालच्या फटीतून निसटली आणि गल्लीच्या टोकाच्या बंद बंगल्याच्या आवारात शिरली. उंच भिंत, आत गवत माजलेलं, कुत्र्यांना यायला वाट नाही, कोपऱ्यात कोटा फरशीच्या लाद्यांची चळत. इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या आमच्या गल्लीनं पहिले काही महिने कौतुकच केलं. संध्याकाळी नातवंडांना कडेवर घेऊन लोक भिंतीवरून ससे दाखवायचे, कुणी पोळीचा तुकडा टाकायचं, कुणी बटल्याची, म्हणजे मटारची, सालं. मग एक दिवस शेजारचा चौकीदार मला म्हणाला, "काकूजी, दिवाली पे चार थे, अब गिनती नहीं हो रही."

पहिल्या रविवारी आम्ही चुकीचंच काम केलं. गल्लीतली सहा पोरं, दोन जुन्या चादरी आणि भरपूर आरडाओरडा. तासाभरात दोन ससे हाती लागले, आणि त्यातला एक मागचे पाय ओढत चालायला लागला. सशाच्या मागच्या पायांत ताकद प्रचंड असते, पाठीचा कणा मात्र नाजूक. घाबरून जोरात लाथ झाडली की स्वतःच्याच जोरानं त्याचा मणका मोडतो. तो संध्याकाळपर्यंतही टिकला नाही. बाकीचे लाद्यांखाली जे गेले ते आठवडाभर उजेडात आले नाहीत. त्यानंतर जे शिकले ते इथे लिहिते आहे.

पकडण्याआधी कॅलेंडर

मादी साधारण ३१ दिवसांत विते. व्यायल्यावर काही तासांतच ती पुन्हा गाभण राहू शकते, कारण सशांमध्ये बीज ठरावीक तारखेला सुटत नाही, संग झाल्यावर सुटतं. म्हणजे एक वेत अंगावर पीत असतानाच दुसरं पोटात वाढत असतं. एका वेतात ४ ते ८ पिल्लं सर्रास होतात, मोठ्या जातीत त्याहून जास्त. लहान जातीची मादी चौथ्या महिन्यापासून, मोठ्या जातीची पाचव्या-सहाव्या महिन्यापासून वयात येते. वेताला ६ पिल्लं धरली तर एका मादीची चार महिन्यांत २४ होतात, आणि तोवर पहिल्या वेतातल्या माद्या तयार होत आलेल्या असतात. कुत्री, मांजरं, मुंगूस, घारी आणि पाऊस यातली बरीच उचलतात, म्हणून शहरं सशांनी भरत नाहीत. पण भिंतीच्या आत हे शत्रू कमी असतात, आणि आपली अडचण तिथेच सुरू होते.

त्यामुळे काम ससे पकडण्याचं नाही, पुढचं वेत थांबवण्याचं आहे. महिन्याला चार ससे पकडत राहिलात आणि आत दोन माद्या व्यायल्या, तर तुम्ही मागेच पडत चालला आहात. वहीत पहिल्याच पानावर आजची तारीख लिहा आणि त्यापुढे ३१ दिवसांनंतरची. सगळी आखणी या दोन तारखांमध्ये बसवायची.

ऑस्ट्रेलियात १८५९ मध्ये शिकारीच्या हौसेपोटी सोडलेल्या मूठभर सशांनी पुढे खंडाचा बहुतेक भाग व्यापला. आपल्याकडे तसं होण्याची भीती नाही, इथलं ऊन आणि इथली कुत्री तसं होऊ देणार नाहीत. पण कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठाच्या आवारात लोकांनी सोडून दिलेले पाळीव ससे हजाराच्या वर गेले होते. बंदिस्त, हिरवं, सुरक्षित आवार असलं की देश कुठलाही असो.

आधी एवढं पाहून घ्या

दिसतोय तो खरंच पाळीव ससा आहे ना? इंदूरच्या बाहेर, रालामंडलच्या बाजूला किंवा बायपासलगतच्या शेतांत जंगली ससा दिसतो. तो वेगळा प्राणी आहे: मातकट करडा, लांब पाय, लांब कान, काहींच्या मानेमागे काळा पट्टा. तो बीळ करत नाही आणि त्याची पिल्लं जन्मतःच केसाळ आणि डोळे उघडे अशी असतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला संरक्षण आहे, त्याला हात लावायचा नाही. पाळीव सशाची पिल्लं उघडी, गुलाबी, डोळे मिटलेली जन्मतात. पांढरे, काळे-पांढरे ठिपक्यांचे, कान लोंबते, असे दिसले की ते दुकानातलेच.

जागेच्या मालकाची परवानगी लेखी घ्या, व्हॉट्सॲपवर घेतली तरी चालेल. बंद घराच्या आवारात पिंजरा घेऊन शिरणारा माणूस चोरासारखा दिसतो, हे मला चौकीदारानं हसत हसत सांगितलं, पण सांगितलं. गल्लीतही सगळ्यांना कळवा आणि खाणं टाकणं बंद करायला सांगा. हे सगळ्यांत अवघड काम. आमच्या एका आजींनी तर साफ सांगितलं, "मुक्या जिवाला उपाशी ठेवण्याचं पाप माझ्याकडून होणार नाही." त्यांच्याशी वाद घातला नाही. पिंजऱ्यापाशी रोज खाणं ठेवायचं काम त्यांनाच दिलं, आणि त्यांच्याइतकं वक्तशीर कुणीच निघालं नाही.

मोजणी सलग तीन संध्याकाळी करा. ससे पहाटे आणि तिन्हीसांजेला बाहेर येतात. त्या वेळी एकाच जागी अर्धा तास शांत बसा आणि मोबाइलवर फोटो काढा. रंग, कानांवरचे डाग, फाटका कान, लंगडा पाय यांवरून प्रत्येकाला ओळखता येतं. तिन्ही दिवसांतला सर्वांत मोठा आकडा धरायचा, आणि खरी संख्या त्याहून जास्तच आहे असं समजून चालायचं.

हंगाम

माळव्यात पावसाळ्यात आणि त्यानंतर दिवाळीपर्यंत प्रयत्न केलेत तर पिंजऱ्यातलं खाणं कुणी हुंगणारही नाही. आवारभर हिरवं असताना तुमची कोथिंबीर कोण विचारतो? संक्रांतीनंतर गवत वाळतं, फेब्रुवारीत बाहेर खायला उरत नाही. जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. एप्रिल-मेमध्ये ४० अंशांवर पारा गेला की पिंजऱ्यात अडकलेला ससा तासाभरातही दगावू शकतो. त्याला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो, आणि तिशीच्या वर तापमान गेलं की त्याला त्रास सुरू होतो. त्या उन्हात नरांची प्रजननक्षमताही काही काळ घटते, त्यामुळे मेमध्ये पिल्लं कमी दिसतात आणि लोकांना वाटतं आपोआप मिटलं. मिटत नाही. पाऊस पडला की पुन्हा सुरू. एक गोष्ट मात्र आपल्या बाजूनं आहे: इथली काळी माती. उन्हाळ्यात तडकते, पावसात चिखल होते, बिळं ढासळतात. म्हणून इथले ससे खोल भुयारं करण्यापेक्षा लाद्या, विटांची रास, पाण्याच्या टाकीचा ओटा, पायऱ्यांखालची पोकळी अशा जागा पसंत करतात. शोध तिथून सुरू करा.

पिंजरा, आणि धीर

मांजर पकडायचा दार पडणारा लोखंडी पिंजरा चालतो. लांबी सव्वादोन-अडीच फूट, रुंदी आणि उंची फूटभर. त्याहून लहान असेल तर दार शेपटीवर पडतं. पण एकेक पिंजऱ्यापेक्षा मला कुंपण जास्त पटलं. एक इंची चौकोनाची वेल्डमेश जाळी, तीन फूट उंच, आठ-दहा फुटांचा गोल, एका बाजूला सरकतं फाटक, आणि फाटकाला लांब दोरी. यात एका वेळी पाच-सहा येतात आणि, मुख्य म्हणजे, कुणाला आत घ्यायचं ते तुम्ही ठरवू शकता. कोंबड्यांची षट्कोनी पातळ जाळी घेऊ नका, ससे ती दातांनी तोडतात.

पहिले सात ते दहा दिवस काहीही पकडायचं नाही. फाटक तारेनं उघडं बांधून ठेवायचं आणि रोज ठरलेल्या वेळी, दिवे लागायच्या सुमारास, आत खाणं ठेवायचं. सुरुवातीला फाटकाबाहेर, मग उंबऱ्यावर, मग आत, मग पार मागच्या कोपऱ्यात. आम्ही कोथिंबिरीच्या काड्या, गाजराचा पाला, मेथी आणि बटल्याची सालं वापरली. चोइथराम मंडीतून पहाटे उरलेला पाला पोतंभर मिळायचा. केळ्याची एखादी चकती म्हणजे जादूच, पण चकतीच. गोड जास्त झालं की सशाचं पोट बिघडतं. पोळी, भात, फरसाण अजिबात नको. इंदूरकराला सांगावं लागतं म्हणून सांगते, शेवही नको.

चौथ्या-पाचव्या दिवशी सगळे आत येऊन खाताना दिसतात आणि हात शिवशिवतो. थांबा. सगळ्यांत भित्री मादी आत येईपर्यंत थांबा, कारण एकदा फाटक पडलेलं तिनं पाहिलं की महिनाभर ती येणार नाही, आणि महिन्याचा अर्थ काय ते वर सांगितलंच आहे. आमच्याकडे कान फाटलेली एक करडी मादी होती. ती आठव्या दिवशी उंबऱ्यावर पुढचे दोन पाय ठेवून उभी राहायची, मिशा हलवायची, आणि परत. अकराव्या दिवशी ती आत गेली तेव्हा दोरी माझ्या हातात होती आणि तळवा घामानं ओला.

फाटक पडल्या पडल्या कुंपणावर जुनी चादर टाका. अंधार झाला की ससे शांत होतात. दार पडणारा पिंजरा लावला असेल तर दर दोन तासांनी बघा, रात्रभर लावून झोपू नका. दुपारी तर कधीच नाही.

हाती घेताना कान धरून उचलू नका. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पुठ्ठ्याखाली, आणि अंगाशी घट्ट धरायचं. टॉवेलात पोळीच्या गुंडाळीसारखं गुंडाळलं तर सगळ्यांत सोपं. उताणं केल्यावर तो निपचित पडतो, ते आवडतंय म्हणून नव्हे, भीतीनं थिजतो म्हणून. ओरखडा किंवा चावा बसला तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा. कानाच्या कडांवर, नाकावर पांढरट जाड खपली दिसली तर ती खरूज आहे, माणसालाही खाज आणते, हातमोजे घाला. मांजर-कुत्र्यांसाठी मिळणारं फिप्रोनिलचं पिसवांचं औषध सशावर कधीही लावू नका, त्याला ते विष आहे.

त्याच दिवशी दोन खोकी

हा टप्पा लहान आहे, पण चुकला तर आधीचं सगळं फुकट. पकडलेल्या सशांना एकत्र ठेवू नका. त्याच संध्याकाळी नर एकीकडे, मादी दुसरीकडे. शेपटीखाली दोन बोटांनी हलकेच दाबलं की नराचं गोल छिद्र नळीसारखं पुढे येतं, मादीची उभी चीर दिसते. मोठ्या नराच्या दोन्ही बाजूंना वृषणं दिसतात, पण उन्हात किंवा भीतीनं तो ती आत ओढून घेतो, त्यामुळे ती दिसली नाहीत म्हणजे मादी असं धरू नका. दोन-अडीच महिन्यांच्या पिल्लात चूक होते, दुकानदाराची झाली तशी. शंका असेल तो तिसऱ्या खोक्यात. मोठे नर आपापसांत भयंकर भांडतात, त्यांना वेगवेगळंच ठेवावं लागतं.

प्रत्येकाच्या कानाच्या आतल्या बाजूला मार्करनं क्रमांक लिहा आणि वहीत नोंद करा: तारीख, रंग, नर की मादी, वजन. पकडलेली प्रत्येक वयात आलेली मादी गाभण आहे असंच धरायचं आणि ३२ दिवस वेगळी ठेवायची. आमच्या सातांपैकी पाच व्यायल्या.

बिळातली पिल्लं

मादी पकडल्यावर तिचं पोट पाहा. स्तनाग्रं फुगलेली, भोवतीचे केस उपटलेले, दाबल्यावर दुधाचा थेंब, म्हणजे बाहेर कुठेतरी पिल्लं आहेत. ती पिलांपाशी सारखी बसत नाही. चोवीस तासांत एकदा, फार तर दोनदा, तीन-चार मिनिटं जाऊन पाजते आणि बिळाचं तोंड माती आणि केसांनी बुजवून टाकते. म्हणून नुसत्या नजरेला बीळ सापडत नाही. ताजी उकरलेली मातीची चापट ढेकळं आणि त्यात अडकलेले पांढरे केस शोधा.

एखादं बीळ चालू आहे की ओस, हे ओळखायची आमची युक्ती: खराट्याच्या सात-आठ काड्या बिळाच्या तोंडात बोटभर अंतरानं उभ्या खोचायच्या. सकाळी काड्या कुठल्या बाजूला पडल्यात ते बघायचं. आतल्या बाजूला पडल्या तर कुणी आत गेलंय, बाहेर पडल्या तर कुणी बाहेर आलंय. जशाच्या तशा असतील तर आत कुणी नाही, किंवा आत फक्त पिल्लं आहेत. म्हणून एका सकाळीवर विश्वास ठेवू नका.

पिल्लं सापडली तर घरट्यासकट उचला. खोक्यात, साधारण दीड फूट बाय फूटभर, तळाशी सुकं गवत आणि त्यावर तिनं उपटलेले केस तसेच. मग खोकं आईच्या खोक्यात. माणसाचा हात लागला म्हणून पाळीव मादी पिल्लं टाकत नाही, ही भीती निराधार आहे. सकाळी पिलांची पोटं भरलेल्या फुग्यासारखी टणक दिसली की ती पाजते आहे. आईविना सापडलेली, डोळे न उघडलेली पिल्लं वाचवणं कठीण असतं. लगेच पशुवैद्याकडे न्या, गाईचं दूध ड्रॉपरनं पाजत बसू नका. दहाव्या दिवसाच्या सुमारास डोळे उघडतात, तिसऱ्या आठवड्यात ती बिळाबाहेर येतात, आणि बाराव्या आठवड्याच्या आत नर-मादी वेगळे व्हायलाच हवेत.

बिळात धूर करणं, पाणी सोडणं, तोंड लिंपून टाकणं हे सुचवणारे लोक भेटतील. पिल्लं आत मरतात, सडतात, आणि मोठे ससे दुसरीकडे उकरतात. विष घालणं तर गुन्हाच आहे.

नसबंदी: कुणाची आधी?

लोक म्हणतात, नरांची करा, स्वस्त आणि सोपी. खरं आहे, पण अर्धं. एक नर दहा माद्यांना पुरतो. पाचांतल्या चार नरांची केलीत आणि एक सुटला, तर पिल्लं पूर्वीइतकीच होणार. उलट एका मादीचं गर्भाशय काढलं की तिचं दर महिन्याचं वेत कायमचं थांबलं. म्हणून सगळे नर हाती येतील अशी खात्री असेल, म्हणजे आवार बंद आणि संख्या कमी असेल, तर नरांपासून सुरू करा. नाहीतर पैसे माद्यांवर आधी खर्च करा. वय वाढलेल्या माद्यांमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण मोठं असतं, त्यामुळे तो खर्च तिच्याही भल्याचा. नसबंदीनंतरही नर चार ते सहा आठवडे प्रजननक्षम राहू शकतो. हे न कळल्यामुळे आम्ही एक वेत ओढवून घेतलं.

डॉक्टर निवडताना थेट विचारा: तुम्ही सशांच्या किती शस्त्रक्रिया केल्या आहेत? इंजेक्शननं भूल देता की वायूनं? आधी उपाशी ठेवायचं का? "हो, रात्रभर उपाशी ठेवा" असं उत्तर आलं तर दुसरा डॉक्टर बघा. सशाला उलटी होत नाही, त्याला उपाशी ठेवायची गरज नसते, आणि आतडं थांबणं हाच त्याला खरा धोका. तोंडावाटे ॲमॉक्सिसिलिन किंवा पेनिसिलीन लिहून दिलं तरी सावध व्हा, त्यानं सशाच्या पोटातले उपयुक्त जंतू मरतात आणि ससाही जाऊ शकतो. शहरातले बहुतेक दवाखाने कुत्र्या-मांजरांचे. पंचवीसेक किलोमीटरवर महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे चौकशी करण्यात कमीपणा नाही. शस्त्रक्रियेनंतर बारा तासांत त्यानं काही खाल्लं नाही, लेंड्या टाकल्या नाहीत, तर ती तातडीची वेळ समजा.

सांभाळण्याच्या काळात मुख्य खाणं सुकं गवत. गव्हाचा भुसा नव्हे. दूर्वा उत्तम, ताजी किंवा सुकवलेली. खजराना गणपतीच्या बाहेर दूर्वा विकणाऱ्या बाईंकडून आम्ही रोजचा हार न होणारा जाडाभरडा भाग घ्यायचो. कशासाठी नेता हे कळल्यावर तिनं पैसे घेणं सोडलं, "उंदीर नाही तर ससा, देवाचंच वाहन समजा," म्हणाली.

कुठे द्यायचे

रालामंडलला किंवा चोरलच्या जंगलात नेऊन सोडणं म्हणजे सुटका नव्हे. पांढरा, पिंजऱ्यात वाढलेला ससा तिथे कोल्ह्या-कुत्र्यांसमोर एक रात्र टिकतो. आणि उपासमार होईल अशा ठिकाणी प्राणी टाकून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. दुकानात परत दिलात तर तेच ससे "दोन्ही मादीच" म्हणून पुन्हा विकले जातील. नसबंदी केल्याशिवाय कुणालाही देऊ नका, नातेवाइकालाही नाही. नातेवाइकाला तर मुळीच नाही, तिथे कागद लिहून घेता येत नाही. ससा आठ-दहा वर्षं जगतो हे घेणाऱ्याला आधी सांगा, निम्मे तिथेच गळतात. उरलेल्यांपैकी आमचे तीन म्हातारे नर त्याच आवारात राहिले, मालकांच्या परवानगीनं, नसबंदी करून. कुंपणाची जाळी तळाशी फूटभर बाहेरच्या बाजूला वाकवून त्यावर विटा ठेवल्या, फाटकाखालची फट लोखंडी पट्टीनं बंद केली.

शेवटचा हिशेब

शेवटची मादी हाती आली की काम संपलं असं वाटतं. संपलेलं नसतं. आत एखादी नजरेतून सुटलेली गाभण मादी असेल तर ३१ दिवसांनी विणार, आणि पिल्लं बाहेर दिसायला आणखी तीन आठवडे. म्हणून शेवटच्या पकडीपासून ५२ दिवस मोजा. खाणं ठेवत राहा, काड्या खोचत राहा.

आमच्या एकेचाळिसाव्या सकाळी पायऱ्यांखालच्या बिळापाशी तीन काड्या आत पडलेल्या दिसल्या. पोटात गोळा आला. आजींनी त्या रात्री बिळासमोर बारीक रेती चाळणीनं पसरली. सकाळी रेतीवर बारीक, नखांच्या टोकांसकट उमटलेली पावलं होती, आणि थोड्याच वेळात त्यांचा मालक लाद्यांवर ऊन खात बसलेला दिसला. मुंगूस होतं. त्रेपन्नाव्या दिवशी चौकीदारानं सगळी बिळं विटांच्या तुकड्यांनी भरून घेतली, ते एक सोडून.